कारकुनांचे महाविद्यालय

परप्रांती नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबावर दोन वादळे ठरलेली असतात. एक बदलीच्या हुकमाचे आणि दुसरे बारावीच्या निकालाचे. पहिल्याची दिशा वरून ठरून येते आणि मान तुकवून सामान बांधण्यापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही. दुसऱ्यात मात्र निवड आपली असते. आणि निवड आपली असणे ही गोष्ट सरकारी नोकराच्या अंगवळणी पडलेली नसल्यामुळे त्या वेळी त्याची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. वरून आलेल्या कागदावर आद्याक्षरे करून तो पुढे सरकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यासमोर एकाएकी कोरा कागद ठेवून ‘आता तूच मसुदा कर’ असे म्हटले तर त्याने काय करावे? तो चार ठिकाणी चौकशी करतो. चौघे चार दिशा दाखवितात. मग तो पाचव्याकडे जातो.

२०२५ सालच्या मे महिन्यात हे वादळ आमच्या घरी आले. निकाल आमच्या धाकट्या बहिणीचा होता. ती आमच्याहून अठरा वर्षांनी लहान. वडील वारल्यानंतर ती आमच्याकडेच वाढली, त्यामुळे नात्याने आम्ही बंधू असलो तरी प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही आमचीच असे. आई देवगड तालुक्यातले घर आणि हापूसची दहा-बारा कलमे सोडून यावयास तयार नाही. २०२२ साली आमची बदली कलकत्त्यास झाली तेव्हा धाकटी आमच्याबरोबर आली, किल्ल्यातल्या केंद्रीय विद्यालयात शिकली, आणि ट्रामच्या व दुकानांच्या पाट्या वाचता वाचता कोणी न शिकविता बंगाली शिकली. निकाल चांगला लागला. तिला इतिहास घ्यावयाचा होता. येथपर्यंत सर्व ठीक होते.

आमची कचेरी फोर्ट विल्यममध्ये. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ च्या सुमारास, इंग्रजांनी हुगळीच्या काठी हा अष्टकोनी किल्ला बांधावयास घेतला, आणि तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून भोवतालचे रान साफ केले. तेच आजचे मैदान. आता तेथे सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. २०२४ च्या अखेरीस या किल्ल्याचे नाव बदलून ‘विजयदुर्ग’ असे ठेवण्यात आले आणि सेंट जॉर्ज दरवाजा हा शिवाजी दरवाजा झाला. आमचे गाव खऱ्या विजयदुर्गापासून फार दूर नाही. ‘आता आमची कचेरी विजयदुर्गात’ असे फोनवर आईला सांगितले, तेव्हा आमची बदली गावाकडे झाली असे वाटून तिने शेजारी साखर वाटली. ती परत कशी घ्यावयाची हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. असो. या लेखात आम्ही जुनेच नाव वापरीत आहोत, कारण ज्या गोष्टी सांगावयाच्या आहेत त्या त्या नावाशीच बांधलेल्या आहेत.

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात चार मराठी माणसे भेटली की पूर्वी इलिशच्या भावाविषयी बोलणे होई. त्या महिन्यात मात्र आम्ही दिसलो की महाविद्यालयांविषयीच बोलणे निघे. एक पक्ष पुण्याचा. त्याचे म्हणणे असे की, मुलगी हाताबाहेर जावयाच्या आत ती मराठी मुलखात पोहोचली पाहिजे. दुसरा पक्ष क्रमवारीचा. केंद्र सरकार महाविद्यालयांची क्रमवारी दरसाल प्रसिद्ध करते. या पक्षातील मंडळींना ती मुखोद्गत असते, आणि सत्ताविसाव्या क्रमांकाच्या महाविद्यालयातून उठून एकोणिसाव्यात कसे जाता येईल याचा विचार ते क्रिकेटमधील धावांसारखा करतात. तिसऱ्या पक्षाला मुळात इतिहासच मान्य नव्हता. ‘इतिहास घेऊन करणार काय?’ या प्रश्नाला आम्ही ‘वाचील’ असे उत्तर दिले, ते त्या गृहस्थांना उर्मटपणाचे वाटले.

आईचा पक्ष पुण्याचाच होता, पण तिचे कारण निराळे होते. पुण्यास मावशी आहे. शिवाय आमची येथली मुदत २०२६ मध्ये संपावयाची. बंगालमध्ये २०२३ पासून पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा झालेला, म्हणजे पोरगी २०२९ पर्यंत येथे, आणि आम्ही कोठे असू ते त्या परमेश्वरालाच किंवा त्याहून वरच्या कचेरीलाच ठाऊक. वडिलांच्या विम्याची रक्कम आईने धाकटीच्या नावे ठेवली होती. ती कशासाठी ठेवली होती हे तिने कधी बोलून दाखविले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. परंतु मुलीच्या नावे ठेवलेली रक्कम कोकणात कशासाठी ठेवतात हे सांगावयास नको. वसतिगृहाचे पैसे त्यातूनच द्यावे लागणार होते.

आमचा स्वतःचा अनुभव या बाबतीत उपयोगी पडण्याजोगा नव्हता. आमचे महाविद्यालय एस. टी. च्या वेळापत्रकाने निवडले. सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने परत यावयाचे, आणि त्या वेळेत जे तास होत ते वाणिज्य शाखेचे. म्हणून आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. तरीही त्या महाविद्यालयाने आम्हांला पुष्कळ दिले. दुपारची गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत तीन तास ग्रंथालयात काढावे लागत, आणि तेथले वृद्ध ग्रंथपाल आमच्या हातात जे पुस्तक देत ते जमाखर्चाचे कधीच नसे. आज आम्ही हा लेख लिहीत आहो तो त्या चुकलेल्या गाड्यांच्या जोरावर.

याच दिवसांत आमच्या मनात एक महाविद्यालय सारखे घोळू लागले होते. त्यात धाकटीला प्रवेश मिळण्याचा संभव नव्हता, कारण ते १८५४ साली बंद झाले.

फोर्ट विल्यम महाविद्यालय हे फोर्ट विल्यममध्ये नव्हते. येथे नोकरी करणाऱ्यांतही पुष्कळांना हे माहीत नसते, आणि किल्ल्यातील कोणती इमारत ती असेल याविषयी जेवणाच्या सुटीत अंदाज बांधले जातात. इंग्रजांच्या कागदोपत्री ‘फोर्ट विल्यम’ म्हणजे बंगालचे सरकार. त्या सरकारचे म्हणून हे नाव. महाविद्यालय नांदले ते मुख्यतः लालदिघीकाठच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये. ‘रायटर’ म्हणजे कंपनीचा कारकून. विलायतेहून सोळा-सतरा वर्षांची मुले रायटर म्हणून येत, आणि दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्याचे न्यायाधीश वा वसूल अधिकारी होत. ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांची भाषा मात्र त्यांना येत नसे. ही मुले आता व्यापाऱ्याची नोकर राहिली नसून राज्यकर्ती झाली आहेत, त्यांना तसे शिक्षण पाहिजे, असे गव्हर्नर जनरल वेलस्लीने ठरविले आणि १० जुलै १८०० रोजी महाविद्यालयाचा कायदा केला. कायदा जुलैचा, पण त्यावर तारीख घातली ४ मे १८०० ची, कारण तो श्रीरंगपट्टण पडल्याचा पहिला वाढदिवस. मागील तारखेचे हुकूम काढण्याची आमच्या खात्यांतील परंपरा किती थोर आहे हे यावरून कळेल.

त्या कायद्यात शिकवावयाच्या भाषांची जी यादी होती तीत अरबी, फारसी, संस्कृत, हिंदुस्तानी, बंगाली यांच्या पंगतीला मराठीही होती. म्हणजे ज्या मराठ्यांच्या भयाने १७४२ साली याच शहराभोवती खंदक खणावयास घेतला होता, त्यांची भाषा शिकविण्याची सोय त्या शहराने अठ्ठावन्न वर्षांनी केली. (मराठे कलकत्त्यावर कधी आलेच नाहीत. खंदक अर्धवट राहिला आणि पुढे बुजवून त्याचा सर्क्युलर रोड झाला. न आलेल्या शत्रूचे इतके मोठे स्मारक दुसरीकडे क्वचितच असेल.)

मराठी शिकविण्याचे काम आले विल्यम कॅरीकडे. हा मनुष्य इंग्लंडात जोडे शिवीत असे. शाळा लहानपणीच सुटलेली. महाविद्यालयाचा उंबरठा त्याने विद्यार्थी म्हणून कधी ओलांडला नाही. मिशनरी म्हणून १७९३ साली तो बंगालमध्ये आला, डेनिश लोकांच्या ताब्यातील श्रीरामपुरास राहिला, आणि १८०१ पासून या महाविद्यालयात प्रथम बंगाली व संस्कृत, मग मराठीही शिकवू लागला. मराठी त्याला कोण शिकविणार? त्यासाठी महाविद्यालयात वैजनाथशर्मा नावाचे पंडित होते. या दोघांच्या खटाटोपातून १८०५ साली मराठीचे व्याकरण निघाले, १८१० साली मोडी अक्षरांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यामागून १८१४ साली ‘सिंहासनबत्तिशी’, १८१५ साली ‘हितोपदेश’ आणि १८१६ साली ‘प्रतापादित्यचरित्र’. हे शेवटचे पुस्तक रामराम बसूंच्या बंगाली पुस्तकावरून उतरविलेले. तेही मूळचे याच महाविद्यालयासाठी लिहिलेले. तारखांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुण्यास अद्याप पेशवाई होती. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघावयास १८३६ साल उजाडावयाचे होते. मराठी गद्याची ही सुरुवातीची छापील पुस्तके मुळामुठेच्या काठी जन्मली नाहीत. ती हुगळीच्या काठी, परमुलखात नोकरीस आलेल्या कारकुनांना भाषा यावी म्हणून, जन्मली.

आणि ज्यांच्यासाठी एवढे सगळे केले त्या विद्यार्थ्यांनी काय केले? काही मुले खरोखर शिकली. वार्षिक समारंभात देशी भाषांतून जाहीर वादविवाद होत, पदके मिळत. पण पुष्कळांनी कर्ज केले. घोडे, मेजवान्या, जुगार यांत बुडून ही पोरे सावकारांच्या हाती अशी सापडली की, रायटर्स बिल्डिंगमधील कर्जबाजारीपणा हा कंपनी सरकारच्या चिंतेचा विषय होऊन बसला. इकडे लंडनचे संचालकही वेलस्लीवर रुष्ट झाले होते, कारण खर्च मोठा आणि परवानगी आधी घेतलेली नव्हती. गार्डन रीचला भव्य इमारत बांधण्याचा त्याचा बेत त्यांनी मोडून काढला, आणि १८०६ साली कारकुनांसाठी विलायतेतच वेगळे महाविद्यालय उघडले. कलकत्त्याचे महाविद्यालय भाषा शिकविण्यापुरते उरले, ते पुढे खुरटत खुरटत संपले.

हा हिशेब आम्ही अनेकदा मांडून पाहिला आहे. ज्यांना फुकट शिक्षण, पगार, राहावयास घर आणि कॅरीसारखा गुरू मिळाला त्यांतल्या बहुतेकांची नावेही आज कोणी घेत नाही. ज्यांना तेथे विद्यार्थी म्हणून पाऊल टाकण्याचा अधिकारच नव्हता त्या पंडितांनी आणि मुनशींनी मात्र चार-पाच भाषांचे गद्य तेथे उभे केले. इतके उत्तम महाविद्यालय इतक्या चुकीच्या मुलांना क्वचितच मिळाले असेल.

त्या नोकरवर्गातलाच एक मनुष्य ईश्वरचंद्र विद्यासागर. त्यांच्या शिक्षणाची हकिकत येथे सांगितली पाहिजे, कारण महाविद्यालय निवडण्याचा प्रश्न त्यांच्या वडिलांपुढेही आला होता. ठाकुरदास हे बडाबाजारात तुटपुंज्या पगारावर नोकरी करणारे गृहस्थ. मेदिनीपूर जिल्ह्यातल्या वीरसिंह गावाहून आठ वर्षांच्या पोराला त्यांनी चालवीत कलकत्त्यास आणले. वाटेतल्या मैलांच्या दगडांवरून पोराने इंग्रजी आकडे शिकल्याची कथा बंगालमध्ये लहान मुलांनाही ठाऊक आहे. ओळखीची मंडळी म्हणाली, मुलगा हुशार आहे, इंग्रजी शाळेत घाला, पुढे हिंदू कॉलेजात जाईल, साहेबाच्या कचेरीत चिकटेल. ठाकुरदासांनी ऐकले नाही. मुलाने संस्कृत शिकून गावी पाठशाळा घालावी एवढीच त्यांची इच्छा. १८२९ साली त्यांनी त्याला संस्कृत कॉलेजात घातले.

त्या काळच्या क्रमवारीत हा निर्णय कोठे बसला असता ते सांगावयास नको. पुढे काय झाले? बारा वर्षे संस्कृत शिकून, विद्यासागर ही पदवी घेऊन, १८४१ च्या डिसेंबरात ईश्वरचंद्र फोर्ट विल्यम महाविद्यालयात मुख्य पंडित म्हणून लागले. कामाचा भाग म्हणून त्यांना तरुण साहेबांच्या उत्तरपत्रिका तपासाव्या लागत. तेथला सेक्रेटरी कॅप्टन मार्शल याने सल्ला दिला की, इंग्रजी आणि हिंदी शिका. नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळ, त्यांनी दोन्ही भाषा शिकून घेतल्या. मध्यंतरी संस्कृत कॉलेजात गेले, तेथे सेक्रेटरीशी पटले नाही, राजीनामा दिला. आणि १८४९ साली पुन्हा फोर्ट विल्यम महाविद्यालयात आले ते हेड रायटर आणि खजिनदार म्हणून.

हेड रायटर म्हणजे मुख्य कारकून. हे वाक्य आम्ही प्रथम वाचले त्या दिवशी कचेरीतल्या आमच्या खुर्चीकडे आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहिले. दोन वर्षांच्या आत हाच मुख्य कारकून संस्कृत कॉलेजचा प्राचार्य झाला, त्या कॉलेजाचे बंद दरवाजे त्याने ब्राह्मणेतरांना उघडले, आणि संस्कृत शिकणाऱ्यांना इंग्रजी शिकावयास लाविले. ठाकुरदासांनी महाविद्यालय एका हेतूने निवडले होते, मुलाने ते दुसऱ्याच कामी लावले. वडिलांची निवड बरोबर होती की चूक? आम्हांला तर हा प्रश्नच विचित्र वाटतो. इंग्रजी शाळेत घातले असते तर त्या मुलाने तेथेही काही वेगळेच केले असते.

ही कथा एका रविवारी धाकटीला सांगत आम्ही हावड्याहून लोकल गाडीने श्रीरामपुरास गेलो. कॅरीने १८१८ साली स्थापन केलेले महाविद्यालय तेथे गंगेच्या काठी अजून उभे आहे. त्याचे उंच खांब दुरूनही दिसतात. आम्ही कॅरीसाठी गेलो होतो. धाकटीला मात्र तेथे दुसरेच कोणी दिसत होते.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल की, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यातले आमच्यासारखेच बदलीचे नोकर. अलिबाग, कोल्हापूर, भूज अशी ठिकाणे करीत हे जोडपे १८८१ साली कलकत्त्यास आले आणि तेथून श्रीरामपुरास. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी ही परप्रांतीय मुलगी लोकांच्या टिंगलीचा विषय झाली होती. १८८३ च्या फेब्रुवारीत, अठरावे वर्ष पुरे व्हावयाच्या आत, तिने याच महाविद्यालयाच्या दिवाणखान्यात उभे राहून आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जात आहो हे इंग्रजीत सांगितले. लोक जे सहा प्रश्न तिला विचारीत ते तिने आपणच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले: हिंदुस्थानात सोय नाही काय, एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत नाही का टाकणार, अपयश आले तर काय, अशा तऱ्हेचे ते प्रश्न. मद्रासला सोय होती, प्रसूतिशास्त्राचे वर्ग इतरत्रही होते. पण ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकविणारांचे मन स्त्रियांविषयी मोकळे नाही, असे तिने सरळ सांगून टाकले. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज तेव्हा मुलींना घेत नव्हते. अबला दास नावाची बंगाली मुलगी त्याच कारणाने १८८२ साली मद्रासला गेली होती. कादंबिनी गांगुली यांना कलकत्त्याचा दरवाजा उघडला तो आनंदीबाई निघून गेल्यावर. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंची बोट कलकत्त्याहून सुटली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

‘वर्षभर थांबली असती तर इथेच शिकली असती, आणि जगली असती,’ असे आम्ही म्हणालो. फिलाडेल्फियाच्या थंडीचा आणि क्षयाचा विचार आमच्या मनात होता. वडील भावाच्या मनात दुसरे काय येणार?

धाकटी पुष्कळ वेळ नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘दादा, दरवाजा उघडणार आहे हे तिला कोण सांगणार होतं? आणि बघ ना, सगळे तिला विचारत होते, कुठे जाणार, कोणाबरोबर जाणार, परत कशी येणार. काय शिकायचंय, हे कोणी विचारलंच नव्हतं. ते तिनेच सांगितलं.’

घरी परतताना गाडीत आम्ही तिला तोच प्रश्न विचारला. महिनाभर एवढी चर्चा झाली, पण इतिहास म्हणजे नेमके काय शिकावयाचे आहे हे आम्हीही विचारले नव्हते. तिने जे सांगितले ते आम्ही थोडक्यात देतो. आमच्या विभागातले एक वयस्क बंगाली सहकारी आम्हांला थट्टेने ‘बर्गी’ म्हणतात. बंगालमध्ये आया मुलांना निजविताना ज्यांची भीती घालीत आल्या ते हे बर्गी, म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे स्वार. धाकटीला शाळेतही मैत्रिणी तसेच चिडवीत. भास्करपंत कोल्हटकरांच्या स्वाऱ्या आपल्या पुस्तकांत पराक्रमाच्या पानावर असतात. त्याच स्वाऱ्यांविषयी गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास ‘महाराष्ट्रपुराण’ रचले. त्यात जळती गावे आणि पळणारी माणसे आहेत. तिला हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावयाचे होते. त्यासाठी जुनी बंगाली पाहिजे, मोडी पाहिजे, जमले तर फारसी पाहिजे. ‘मोडी सुटीत पुण्यास शिकता येईल. पण बंगाली पुण्यात कोण शिकवणार? आणि पुण्यात मला बर्गी तरी कोण म्हणणार?’

यदुनाथ सरकार बंगाली असून शिवाजीसाठी मराठी शिकले, आणि रियासतकार सरदेसायांशी त्यांचा स्नेह जन्मभर टिकला, हे तिला आम्हीच कधी तरी सांगितले होते. सांगितलेली गोष्ट अशी उलटून अंगावर येईल याची कल्पना नव्हती.

मग आम्ही दोघे महाविद्यालये पाहत हिंडलो. धाकटीने शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपले प्रश्न लिहून घेतले होते. ग्रंथालय पाचनंतर उघडे असते का. प्राध्यापक मूळ साधने वर्गात आणतात की टिपणे उतरवून देतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला जुन्या पुस्तकाला हात लावू देतात का. दादाची बदली झाली तर वसतिगृहातली जागा राहते का. एका ठिकाणी प्रवेशाच्या खिडकीवरील गृहस्थांनी हे प्रश्न ऐकून आमच्याकडे असे पाहिले की, जणू काही आम्ही तपासणीस आलो आहोत. आमच्या वेशावरून तसे वाटण्याचा संभव नव्हता. दुसऱ्या एका महाविद्यालयात मात्र शिपायाने ग्रंथपालांकडे नेले, आणि ग्रंथपालांनी तिला आत बसवून घेतले ते दीड तास. आम्ही बाहेर बाकावर. आत काय चालले होते ते ठाऊक नाही, पण बाहेर येताना तिच्या हातात पुस्तकांची यादी होती आणि तीतली निम्मी पुस्तके अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहावीत अशी खूण केलेली होती.

त्या ग्रंथालयाची एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, ती आम्ही ट्राममध्ये सांगितली. फोर्ट विल्यम महाविद्यालय मोडकळीस आल्यावर, १८३६ च्या सुमारास, मेटकाफने त्याच्या पुस्तकांतले ४६७५ ग्रंथ कलकत्ता पब्लिक लायब्ररीस देऊन टाकले. त्या लायब्ररीची पुढे १९०३ साली इंपीरियल लायब्ररी झाली आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय ग्रंथालय. रायटर्स बिल्डिंगमधल्या पोरांनी ज्यांची पाने फारशी उलटली नसावीत अशी ती पुस्तके. ‘मग आहे की अजून महाविद्यालय,’ ती म्हणाली.

ज्या महाविद्यालयात तिने नाव घातले त्याचे नाव आम्ही येथे देत नाही. दिले की लगेच त्याचा क्रमांक विचारला जातो, आणि तो सांगितल्यावर समोरच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे सहानुभूतीचे भाव उमटतात ते आम्हांला सोसत नाहीत.

आईला फोन आम्ही केला, पण बोलली धाकटी. काय बोलणे झाले ते आम्हांला पुरते ऐकू आले नाही, कारण सौ. ने मुद्दाम आम्हांला बाजारात पिटाळले होते. परत आलो तेव्हा फोन आमच्या हाती देण्यात आला. आई म्हणाली, ‘पैसे तिचेच आहेत. ती म्हणेल तिथे भर.’ थोडा वेळ थांबून पुन्हा म्हणाली, ‘दिवाळीला मात्र घरी पाठव. तुझ्या त्या खोट्या विजयदुर्गात ठेवू नकोस.’ आणि आंब्याची पेटी पोहोचली की नाही ते विचारून तिने फोन ठेवला.

वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना होता: स्थानिक पालक. कलकत्त्याचा कायम रहिवासी पाहिजे, बदलीचा नोकर चालणार नाही, असे खाली बारीक अक्षरांत छापलेले. महाराष्ट्र निवासातल्या मंडळींची नावे डोळ्यांपुढे आणली. बहुतेक सगळे आमच्यासारखेच पेट्या न सोडलेले. दोन दिवस तो अर्ज आमच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत आमच्या त्या वयस्क सहकाऱ्यांनी तो उचलला, चष्मा कपाळावर चढवून वाचला, आणि काही न विचारता खिशातले पेन काढले. ते मूळचे टालीगंजचे, पुढल्या वर्षी निवृत्त व्हावयाचे. नाव लिहिले, पत्ता लिहिला, सही केली. ‘विद्यार्थिनीशी नाते’ या रकान्यापाशी ते थांबले. आम्हांला वाटले, आता ‘बर्गी’ची थट्टा होणार. त्यांनी मान वर करून एवढेच विचारले, ‘तुमच्या भाषेत काकाला काय म्हणतात?’

‘काकाच,’ आम्ही म्हणालो.

ते त्यांनी बंगाली अक्षरांत लिहिले. शुल्क आम्ही त्याच संध्याकाळी भरले आणि पावतीच्या दोन प्रती करून एक आईकडे पाठवून दिली.